यादीला आकडे द्यावेत की ठिपके?

प्रश्न : ठाण्यातल्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेची मी सचिव आहे. सभेच्या नोटिसा, इतिवृत्त, फलकावरच्या सूचना, व्हॉट्सॲपवरचे निरोप हे सगळं लिहिणं माझ्याकडे असतं. अध्यक्ष म्हणतात, प्रत्येक यादीला नंबर हवाच, नाहीतर पत्र अधिकृत वाटत नाही. समितीतल्या तरुण मंडळींना सगळीकडे ठिपके हवेत. गेल्या वार्षिक सभेची विषयपत्रिका मी ठिपके देऊन काढली, तर 'चौथा विषय' कोणता यावरच सभेत वाद झाला. पार्किंगच्या अर्जासोबत जोडायच्या कागदांना एक ते पाच नंबर दिले, तर काहींनी एकच कागद जोडला आणि काहींनी पाचही. कुठे काय वापरायचं याचा काही नियम आहे का? आणि पोटमुद्द्यांना अ, ब, क द्यायचं की क, ख, ग?
– एक सचिव, ठाणे

उत्तर : नमस्कार. नियम आहे, आणि त्याचा अधिकृत किंवा आधुनिक दिसण्याशी काही संबंध नाही. वाचणाऱ्याला आकडा तीनच कामांसाठी लागतो : क्रम पाळायला, मोजायला आणि त्या मुद्द्याचा पुढे उल्लेख करायला. यांपैकी एक जरी काम असलं तरी आकडा द्या. एकही नसेल तर ठिपका पुरे.

शंका आली तर यादीतल्या कोणत्याही दोन ओळींची अदलाबदल करून बघा. अर्थ बिघडला तर आकडे हवेत. बिघडला नाही तर आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा : सभेत, फोनवर किंवा लेखी उत्तरात कुणी 'तिसऱ्या मुद्द्याबाबत' असं म्हणणार आहे का? म्हणणार असेल तर क्रमाला महत्त्व नसतानाही आकडे द्यावेत. तुमच्या विषयपत्रिकेत नेमकं हेच घडलं. विषय पुढेमागे झाले असते तरी चाललं असतं, पण त्यांचा उल्लेख मात्र सगळ्यांनाच करायचा होता.

विषयपत्रिकेपासून सुरुवात करू, कारण तिथला आकडा सर्वांत लांबवर जातो. वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी सभासदांच्या हातात पडते. त्या दिवसांत कुणी विषय क्र. ४ वर लेखी प्रश्न पाठवतो. सभेत अध्यक्ष त्याच आकड्याने विषय पुकारतात, इतिवृत्तात तोच आकडा येतो, आणि पुढे लेखापरीक्षक किंवा उपनिबंधक कार्यालय कागद पाहतं तेव्हा नोटीस आणि इतिवृत्त त्या आकड्यावरूनच जुळवतं. म्हणून नोटीस निघाली की आकडे गोठले असं समजा. एखादा विषय मागे घेतला तरी खालचे विषय वर सरकवू नका. इतिवृत्तात 'विषय क्र. ६ : मागे घेण्यात आला' अशी ओळ राहू द्या. ऐनवेळी काही आलं तर ते मध्ये घुसवायचं नाही. त्यासाठी शेवटचा 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' हा विषय असतोच.

विषयपत्रिकेत दोन चुका सर्रास होतात. एका आकड्याखाली दोन निर्णय कोंबले जातात, ही पहिली. 'हिशेबपत्रकांना मंजुरी देणे व लेखापरीक्षकांची नेमणूक करणे' असं एकत्र लिहिलं, तर हिशेब मान्य पण लेखापरीक्षक अमान्य असलेल्या सभासदाने हात वर करायचा की नाही? एक आकडा, एक निर्णय. दुसरी चूक म्हणजे विषय क्रमांक आणि ठराव क्रमांक यांची सरमिसळ. या दोन वेगळ्या मालिका आहेत. एका विषयातून दोन ठराव निघू शकतात, एखाद्या विषयातून एकही निघत नाही. दोन्हींना नुसतं 'क्र.' लिहिलं की वर्षभराने 'क्र. ५' म्हणजे काय ते कुणालाच कळत नाही. दर वेळी पूर्ण लिहा : 'विषय क्र. ५, ठराव क्र. ७'. ठरावांची मालिका वर्षभर सलग चालवायची असेल तर आकड्याला वर्ष जोडा, म्हणजे '७/२०२५-२६'.

आता पार्किंगचा अर्ज. तिथे दोष आकड्यांचा नव्हता, यादीच्या वरच्या ओळीचा होता. यादीत आकडे असोत वा ठिपके, 'हे सगळं हवं' की 'यातलं एक हवं' हे दोन्हींपैकी काहीच सांगू शकत नाही. ते शब्दांतच सांगावं लागतं आणि यादीच्या आधी सांगावं लागतं. मराठीत त्यासाठी नेमके शब्द आहेत : 'तिन्ही', 'चारही', 'पाचही' म्हटलं की सगळे, आणि 'यांपैकी कोणताही एक' म्हटलं की पर्याय. 'तिन्ही' या एका शब्दाने मोजणीही होते. तुमची यादी अशी करता येईल :

अर्जासोबत हे तिन्ही कागद जोडा :
• वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्राची (आरसी) प्रत
• चालू विम्याची प्रत
• पत्त्याचा पुरावा (वीजबिल, गॅसबिल किंवा नोंदणीकृत भाडेकरार यांपैकी कोणताही एक)

इथे ठिपके पुरतात. मात्र तुमच्या कार्यालयातून अपूर्ण अर्जांवर 'कागद क्र. २ नाही' असा शेरा मारून ते परत पाठवले जात असतील, तर याच यादीला आकडे द्या. यादी तीच, पण आता आकड्याला काम मिळालं.

यादीच्या वरच्या ओळीबद्दल अजून थोडं, कारण मराठीत घोळ बहुतेक तिथेच होतो. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. 'सभासदांनी सभेला येताना :' असं लिहून खाली चार ठिपके दिले आणि सगळ्यात खाली 'सोबत आणावे' लिहिलं, तर वाचणारा चार ओळी अधांतरी वाचतो आणि काय करायचं ते त्याला शेवटी कळतं. प्रत्येक ठिपक्याशेवटी 'आणावे' लिहिलं तर एकच शब्द चार वेळा येतो. त्यापेक्षा वरचं वाक्य क्रियापदासह पुरं करा आणि मग यादी द्या : 'सभेला येताना सभासदांनी पुढील वस्तू आणाव्यात.' त्याखाली फक्त वस्तूंची नावं.

यादीतल्या सगळ्या ओळी एकाच साच्यातल्या असाव्यात. विषयपत्रिकेत प्रत्येक ओळ '-णे' वर संपते : वाचून कायम करणे, मंजुरी देणे, नेमणूक करणे. सूचनांमध्ये प्रत्येक ओळ 'करा, ठेवा, लावा' अशी. पहिल्या ओळीत 'गाडी रेषेच्या आत लावा', दुसरीत 'हॉर्न वाजवू नये' आणि तिसरीत 'पाहुण्यांच्या गाड्या' असं झालं की तिसऱ्या ओळीत पाहुण्यांच्या गाड्यांचं काय करायचं हे लिहायचं राहून गेलंय, हे लिहिणाऱ्याच्याही लक्षात येत नाही. साचा सारखा ठेवला की अशी राहून गेलेली गोष्ट आपोआप उघडी पडते. पूर्ण वाक्यं असतील तर प्रत्येकाशेवटी पूर्णविराम द्या. नुसती नावं असतील तर नको.

कृतीच्या पायऱ्यांना आकडे द्यायचेच, यात दुमत नाही. जिन्यातल्या अग्निशामकाशेजारी लावायची पाटी बघा :

पाठीमागे बाहेर पडायचा रस्ता मोकळा असेल तरच आग विझवायला थांबा. आग वाढू लागली तर लगेच बाहेर पडा.
१) सुरक्षा पिन ओढून काढा.
२) नळीचं तोंड आगीच्या बुडाकडे धरा, ज्वाळांकडे नव्हे.
३) वरचा दांडा दाबा.
४) फवारा आगीच्या बुडावरून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे फिरवत राहा.

पिन निघाल्याशिवाय दांडा दाबला जात नाही आणि नेम धरण्याआधी दाबला तर पावडर वाया जाते. त्या उपकरणात पावडर फार थोडा वेळ पुरते, त्यामुळे इथला क्रम जिवाशी निगडित आहे. बाहेर पडायच्या रस्त्याची सूचनाही कुठे आहे ते पाहा. ती पाचव्या क्रमांकावर ठेवण्याची चूक फार ठिकाणी दिसते. घाबरलेला माणूस पाटी शेवटपर्यंत वाचून मग कामाला लागत नाही. पहिली ओळ वाचून तो पिन ओढतो, मग दुसरी वाचतो. म्हणून धोक्याची सूचना आणि अट कृतीच्या आधी यायला हवी. पायरीच्या आतही तसंच : 'मेन स्विच बंद करा, विजेच्या उपकरणाला आग लागली असल्यास' असं नको. 'विजेच्या उपकरणाला आग लागली असेल तर आधी मेन स्विच बंद करा' असं हवं.

पायरीत कृती एकच ठेवा. एकाच ओळीत तीन कामं लिहिली की वाचणारा पहिलं करून नजर खाली नेतो आणि उरलेली दोन सुटतात. कृतीचा परिणाम ही मात्र वेगळी पायरी नव्हे. 'पंपाचं बटण दाबा' ही पायरी, 'हिरवा दिवा लागेल' हे त्याच ओळीत पुढे लिहा. त्याला स्वतंत्र आकडा दिला की वाचणारा तिथे काय करायचं ते शोधत बसतो. ऐच्छिक पायरी असेल तर 'हवं असल्यास' हे शब्द ओळीच्या सुरुवातीला येऊ द्या. पायऱ्या दहाच्या पुढे गेल्या तर मध्ये उपशीर्षकं टाका, पण आकडे पुन्हा १ पासून सुरू करू नका. एकाच कागदावर तीन ठिकाणी 'पायरी ३' असली की वॉचमनला फोनवरून काही सांगणं अशक्य होतं.

प्रत्येक ओळीच्या आरंभी वेळ किंवा तारीख असेल तर आकडा लागत नाही. टाकीच्या सफाईच्या सूचनेत 'सोमवारी रात्री १० पर्यंत पाणी भरून ठेवा', 'मंगळवारी सकाळी ९ ते दुपारी ४ पाणी बंद' असं असेल, तर क्रम वेळेनेच दाखवला. तिथे आकडा टाकणं म्हणजे वाचणाऱ्यापुढे '१) १० वाजता' असे दोन आकडे शेजारी ठेवणं.

ठिपक्यांची खरी गरज कुठे असते, तर आकड्यांनी नको तो अर्थ चिकटतो तिथे. देणगीदारांची किंवा उत्सवात काम केलेल्यांची नावं क्रमांक देऊन लावली की पहिलं नाव मानाचं आणि शेवटचं दुय्यम असा अर्थ घेतला जातो, आणि त्यावरून मनं दुखावतात. तिथे ठिपके द्या, नावं अकारविल्हे किंवा सदनिका क्रमांकानुसार लावा आणि तसं वर लिहा. रहिवाशांच्या तक्रारींची यादीही तशीच. '१) गळती, २) लिफ्ट' असं लिहिलं की समिती गळतीला अग्रक्रम देणार असं गृहीत धरलं जातं. अग्रक्रम खरोखर ठरला असेल तर आकडे द्या आणि 'अग्रक्रमानुसार' हा शब्दही लिहा.

अ, ब, क की क, ख, ग? दोन्ही मालिका मराठीत रुळलेल्या आहेत आणि अडचण तिथेच आहे. राज्यघटनेच्या मराठी पाठात २००२ च्या ८६व्या दुरुस्तीने आलेला शिक्षणाच्या हक्काचा अनुच्छेद '२१क' आहे. पुनर्विकासाच्या संदर्भात तुम्ही नेहमी वाचता ते सहकारी संस्था अधिनियमातलं कलम मात्र '७९अ'. दोन्हीकडे जोडलेलं अक्षर हे मालिकेतलं पहिलंच, पण एकीकडे ते 'क' आहे आणि दुसरीकडे 'अ'. म्हणजे 'मुद्दा क' हा एका मालिकेत पहिला होतो आणि दुसरीत तिसरा. सहकार खात्याशी तुमचा रोजचा संबंध असल्याने अ, ब, क हीच मालिका घ्या आणि संस्थेच्या कुठल्याच कागदात दुसरी आणू नका. एक मर्यादा लक्षात ठेवा : अ, ब, क, ड यांच्यापुढे काय, यावर एकमत नाही. कुणी 'इ' लिहितं, कुणी 'ई', कुणी आणखी काही. चाराहून जास्त पोटमुद्दे असतील तर अक्षरं सोडून ३.१, ३.२ असे आकडे घ्या. तिथेही ३.९ नंतर ३.१० येतं आणि ते ३.१ सारखं वाचलं जातं, म्हणून नऊच्या पुढे जात असाल तर त्या मुद्द्याचे दोन मुद्देच करा. पोटमुद्द्याच्या पोटात आणखी एक पातळी लागली, तर कायद्यांच्या मराठी पाठात असते तशी (एक), (दोन) ही शब्दांतली मालिका आहे. पण संस्थेच्या नोटिशीत तिसरी पातळी लागावी अशी वेळ सहसा येत नाही. ती आली तर मजकूर नीट सुटा झालेला नाही असं समजावं.

वर दिलेला '७९अ' तुम्हाला आणखी एका ठिकाणी उपयोगी पडेल. पार्किंगचे नियम एकदा मंजूर झाले की त्यांचे आकडे पावत्यांवर आणि दंडाच्या पत्रांत जातात. पुढे नियम ४ आणि ५ यांच्यामध्ये नवा नियम घालावा लागला तर त्याला '४अ' म्हणा. जुना ५ तसाच राहतो आणि आधी पाठवलेली पत्रं खोटी ठरत नाहीत. नियम रद्द केला तरी त्याचा आकडा दुसऱ्याला देऊ नका.

छपाईत फसवणारे काही बारकावे आहेत. देवनागरी १ आणि इंग्रजी नऊ झेरॉक्सच्या झेरॉक्सवर सारखे दिसतात. म्हणून एका कागदात अंकांची लिपी एकच ठेवा. मुद्द्याची सुरुवात आकड्याने करू नका : '२. ५०० रुपये दंड' हे 'अडीच रुपये दंड' असंही वाचलं जातं, त्याऐवजी '२) दंड ५०० रुपये' लिहा. एकंदरीतच आकड्यापुढे टिंबापेक्षा कंस बरा. ठिपक्याऐवजी आडवी रेघ वापरायची सवय असेल तर हिशेबाच्या कागदात ती सोडा, कारण '- ५००' म्हणजे वजा पाचशे. आणि ✓ हे चिन्ह ठिपक्याच्या जागी नको. त्याचा अर्थ 'हे झालं' असा होतो. करायच्या कामांपुढे रिकामा चौकोन द्या, म्हणजे लोक स्वतः खूण करतील.

वर्डमध्ये यादी करताना आकडे हाताने टाइप न करता क्रमांकयादीचं बटण वापरा. क्रमांकशैलीत देवनागरी १, २, ३ हा पर्याय असतो. तो दिसत नसेल तर ऑफिसच्या भाषांमध्ये मराठी जोडून बघा. एकाच मुद्द्यात दुसरा परिच्छेद हवा असेल तर शिफ्ट-एंटर दाबा, नुसतं एंटर दाबलं की नवा आकडा येतो. नवी यादी मागच्या यादीचेच आकडे पुढे चालवू लागली तर आकड्यावर उजवी क्लिक करून '१ पासून पुन्हा सुरू' हा पर्याय निवडा. 'वरील मुद्दा ४ पाहा' असा उल्लेख हाताने लिहू नका. मध्ये एक मुद्दा वाढला की यादीतला आकडा आपोआप बदलतो, उल्लेखातला नाही. संदर्भांच्या मेनूतून परस्परसंदर्भ घाला आणि छापण्याआधी कंट्रोल-ए आणि मग एफ-९ दाबून सगळे ताजे करा. अंतिम प्रत मात्र पीडीएफ करूनच पाठवा. स्वयंचलित आकडे साधा मजकूर म्हणून दुसरीकडे चिकटवले की कधी गळतात, कधी बदलतात. बटणाने केलेल्या खऱ्या यादीचा आणखी एक फायदा : दृष्टिहीन सभासदाचं वाचक सॉफ्टवेअर 'यादी, पाच घटक' असं आधी सांगतं. हाताने काढलेल्या रेघांची यादी त्याला ओळखता येत नाही.

व्हॉट्सॲपवर कसोटी सोपी आहे. लोकांकडून उत्तर हवं असेल तर आकडे, नुसतं कळवायचं असेल तर ठिपके. सभेच्या तीन संभाव्य तारखा आकड्यांनी दिल्या की '२ चालेल' एवढं उत्तर पुरतं. ठिपके दिले तर प्रत्येकाला तारीख पुन्हा लिहावी लागते आणि कुणी तरी ती चुकवतो.

आणि काही ठिकाणी दोन्हीही नकोत. दोनच गोष्टी असतील तर 'आणि' घालून वाक्यात लिहा. प्रत्येक ओळीत सदनिका, नाव आणि थकबाकी अशा तीन बाबी असतील तर तक्ता काढा. सर्वांत जपायची जागा म्हणजे इतिवृत्तातली चर्चा. ठिपक्यांत 'कारण', 'म्हणून', 'तरीही' हे शब्द टिकत नाहीत. बघा :

• तीन निविदा आल्या
• सर्वांत कमी निविदा नाकारली
• दुसरी निविदा मंजूर

हे वाचून दोन वर्षांनी कुणीही विचारेल, स्वस्त सोडून महाग का घेतली? आता वाक्यात : 'तीन निविदा आल्या. सर्वांत कमी रकमेच्या निविदेत गच्चीच्या जलरोधक कामाची हमी नव्हती, म्हणून ती कमी असूनही नाकारून पाच वर्षांची हमी देणारी दुसरी निविदा मंजूर करण्यात आली.' समितीचा निर्णय याच एका 'म्हणून'वर उभा आहे. ठिपक्यांच्या यादीतून तोच गळाला होता. चर्चा नेहमी परिच्छेदात लिहा, ठराव त्याखाली आकडा देऊन स्वतंत्र ओळीत, सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांसह.

ठिपके दिलेल्या गेल्या वार्षिक सभेच्या नोटिशीला आता मागाहून आकडे घालू नका. ती जशी निघाली तशीच फाइलमध्ये राहू द्या. त्या सभेचं इतिवृत्त अजून कायम झालं नसेल तर त्यात विषय क्रमांकांऐवजी प्रत्येक विषयाचं पूर्ण शीर्षक नोटिशीत आहे तसंच्या तसं लिहा, म्हणजे दोन्ही कागद शब्दांवरून जुळतील. आकडे पुढच्या नोटिशीपासून सुरू करा.